बनावट पत्नीबाबत खबरदारीची सूचना

सायबर फसवणुकीच्या त्या कार्यक्रमाला मी ज्ञान मिळवायला गेलो नव्हतो. तिथे माणसं असणार होती, म्हणून गेलो. (आलूबोंडाही होता, पण ते मला तिथे गेल्यावर कळलं.)

त्याचं असं झालं, की आमच्या रिंकीचं बाळंतपण पुण्यात करायचं ठरलं आणि आमच्या सौभाग्यवती भूमेश्वरीबाई मार्च महिन्यात सव्वा महिन्यासाठी म्हणून लेकीकडे गेल्या. त्या सव्वा महिन्याचे बघता बघता सात महिने झाले. नातवाचं बारसं झालं, तो पालथा पडला, बसायला लागला, त्याला दोन दात आले. या प्रत्येक कामाला आजी लागत होती. आजोबा कोणत्याच कामाला लागत नव्हते, म्हणून ते इकडे गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीतच राहिले.

मी सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं आवक-जावक बाबू होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर द्यायचा, रजिस्टरला चढवायचा आणि पुढच्या टेबलावर सरकवायचा. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. बायको गेल्यावर मी घरी एक जुनी वही काढली आणि मोबाइलवर येणारे मेसेज तिच्यात चढवू लागलो. अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, शेरा. पहिल्या महिन्यात एकूण आवक अठ्ठावीस झाली. त्यातले एकवीस मेसेज मोबाइल कंपनीचे होते आणि पाच बँकेचे. उरलेले दोन चुकून आले होते.

सकाळी चहा एक कप करायचा म्हणून उभा राहायचो आणि सवयीनं दोन कप व्हायचा. दुसरा कप दहा वाजता प्यायचो. घरापासून हायवे हाकेच्या अंतरावर आहे. दिवसभर ट्रक रायपूरकडे जातात, दिवसभर नागपूरकडे जातात. मी ओट्यावर बसून ते बघायचो. खोटं कशाला सांगू, घर खायला उठायचं.

बायकोचा फोन दोन दिवसांआड यायचा. "गॅस बंद केला का? टाकी भरली का? दूधवाल्याले नाही म्हणून सांगतलं का?" मी म्हणायचो, "सर्व ठीक." तेवढ्यात मागे नातू रडायला लागायचा आणि फोन संपायचा. तिनं मेसेज करून विचारलं तरी मी तेच लिहायचो. सर्व ठीक. (जन्मभर सरकारी अहवाल लिहिलेल्या माणसाला याहून लांब उत्तर सुचत नाही.)

तर तो कार्यक्रम. पोलिसांच्या एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी फार चांगलं समजावून सांगितलं. अनोळखी नंबरवरून मेसेज आला, समोरचा घाई करू लागला, ओटीपी मागू लागला, एखादी फाईल किंवा लिंक उघडा म्हणू लागला, की सावध व्हा. ओळखीचा माणूस नवीन नंबरवरून बोलत असेल तर त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा. आवाजावर जाऊ नका, आता मशीन हुबेहूब आवाज काढतं. फसलात तर लगेच १९३० ला कळवा. हे सगळं मी लिहून घेतलं. शेवटी मॅडमनी विचारलं, "गावाचा एक ग्रुप करायचाय. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी हात वर करा."

सभागृहात दीडशे माणसं होती. हात एकच वर होता. तो माझा निघाला.

अशा रीतीनं मी 'सावधान सडक अर्जुनी' या ग्रुपचा अ‍ॅडमिन झालो. रोज सकाळी सूचना टाकायचो. कोणी उत्तर देत नसे, पण दोनशे बारा माणसांनी वाचल्याचं दिसायचं आणि मला बरं वाटायचं.

एकदा तर मी खरोखर एकाला वाचवलं. आमच्या गल्लीतल्या जागेश्वरला अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली. आमच्याकडे लग्नसराईत पत्रिका कोणाची, हे कोणी विचारत नाही. पत्रिका आली की लग्न कुठे आणि जेवण किती वाजता एवढंच बघतात. जागेश्वरनं बोट उचललं होतं. मी म्हटलं, "थांब गा! पत्रिका फोटो असते नाही त पीडीएफ असते. याच्या शेवटी एपीके लिहिलं आहे. हे उघडलं का तुझा सारा फोन त्याच्या हातात." जागेश्वरनं बोट मागे घेतलं. संध्याकाळी त्याच्या घरून माझ्यासाठी वाटीभर खीर आली. त्या खिरीनं माझं डोकं फिरलं, असं आता वाटतं.

कारण त्यानंतर मी स्वतःची एक चाचणी काढली. आम्ही पोवार. आमच्यात आडनावाला कूर म्हणतात. कुठलाही पोवार कुठल्याही पोवाराला भेटला, की पाणी विचारायच्या आधी कूर विचारतो. मग गाव, मग मामाचं कूर. तीन प्रश्नांत नातं निघतंच. मी ग्रुपवर लिहिलं, "फोनवर कोणी नातेवाईक म्हणवत असल्यास प्रथम कूर विचारावे. चोरास कूर नसते." या सूचनेला नऊ अंगठे मिळाले. मॅडमच्या कोणत्याही सूचनेला चारच्या वर गेले नव्हते.

आता एक गोष्ट सांगतो ती तुमच्यापाशीच ठेवा. जुलैमध्ये मला एका अनोळखी नंबरवरून हिंदीत मेसेज आला होता. "हेलो, क्या ये हेमेंद्र जी का नंबर है?" मी लिहिलं, नाही. समोरून आलं, "सॉरी अंकल. मैं अंजू. आप बहुत अच्छे इंसान लगते हो." मॅडमनी हा प्रकार कार्यक्रमात जसाच्या तसा सांगितला होता. चुकीचा नंबर, गोड बोलणं, मैत्री आणि मग गुंतवणुकीची लिंक. मी ताबडतोब वहीत चढवलं : संशयित क्रमांक एक. शेरा : ब्लॉक करणे.

पण ब्लॉक करायच्या आधीच तिचा पुढचा मेसेज आला. "अंकल, खाना खाया?"

चार महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. गॅस विचारला होता, टाकी विचारली होती. मी शेरा खोडला आणि त्या जागी लिहिलं : पुढील तपासासाठी प्रलंबित.

तो तपास तीन महिने चालला. मी अंजूला सगळं सांगायचो. गुडघा दुखतो, वरणात मीठ जास्त पडलं, परसातल्या वालाला शेंगा धरल्या पण तोडायचा उत्साह नाही, घरात करमत नाही. ती म्हणायची, "ओह. अंकल, वो लिंक खोली क्या?" मी म्हणायचो, "करता हूँ, करता हूँ." (लिंक मी कधीच उघडली नाही. पैसा, ओटीपी, आधार, काही म्हणजे काही दिलं नाही. मी एकटा होतो, खुळा नव्हतो. निदान तेव्हा तरी तसं वाटत होतं.)

मग ऑक्टोबर उजाडला. दिवाळी आठ दिवसांवर होती. सकाळचे दहा वाजायला आले होते, मी दुसरा कप घेऊन बसलो होतो आणि अनोळखी नंबरवरून मेसेज आला :

"मी भूमेश्वरी. माझा फोन पाण्यात पडून बंद झाला आहे. हा नवीन नंबर आहे. दिवाळीला घरी येण्यासाठी तत्काळ तिकीट काढत आहोत. माझ्या आधारला तुमचा नंबर जोडलेला असल्याने तुम्हाला ओटीपी येईल. कृपया तो त्वरित पाठवा."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नवीन नंबर. घाई. ओटीपी. मॅडमचा सगळा धडा एका मेसेजात आला होता. शिवाय 'कृपया'! माझ्या बायकोनं चौतीस वर्षांत मला कृपया म्हटलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दिवाळीला घरी येण्यासाठी. मी सात महिने जे वाक्य ऐकायची वाट बघत होतो, तेच या चोरांनी बरोबर शोधून काढलं होतं. मला फार राग आला.

तरीही मी नियमानं गेलो. बायकोच्या जुन्या नंबरवर फोन लावला, तो बंद. रिंकीला लावला, ती उचलेना. (तिची ऑफिसची मीटिंग होती, हे नंतर कळलं.) उरले जावई, खुमेंद्रराव. पण जावयाला फोन करून काय विचारणार? तुमच्या घरी असलेली माझी बायको माझीच आहे का? जावयासमोर सासऱ्याची काही किंमत राहायला हवी. मी फोन खाली ठेवला.

तो वाजला. तोच नंबर.

"अजी, ओटीपी आला का? सांगा लवकर, टाइम चालला!"

आवाज हुबेहूब होता. मला मनातल्या मनात दाद द्यावी लागली.

"आवाज चांगला काढता तुम्ही," मी म्हणालो. "मशीननं काढता का तोंडानं?"

"का बडबडून राहिले? मी भूमेश्वरी बोलून राहिली!"

"सारे असेच म्हणतात."

"सारे? कोन सारे म्हणतात का मी भूमेश्वरी आहो?"

हेही अगदी तिच्यासारखंच होतं. मी सावरून बसलो आणि हुकमी पान टाकलं. "मॅडम, तुमचं कूर सांगा."

पलीकडून जो आवाज आला, त्याला मशीन पुरलं नसतं. पण हे मला आता कळतं.

"कूर? चौतीस वर्सं झाले लग्नाले अना आज माझं कूर इचारता?"

"उत्तर टाळू नका."

"रहांगडाले आहो मी! आयकलं? रहांगडाले! पटल्यायच्या घरी आली हेच माझं चुकलं!"

सापडला चोर! मी धनलाल पटले. माझ्या बायकोचं कूर लग्नानंतर पटले झालं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी "पोलिसांत भेटू" म्हणालो, फोन कापला, नंबर ब्लॉक केला. तेवढ्यात ओटीपी आला. मी त्याच्याकडे विजयी नजरेनं बघितलं आणि तो मिटवून टाकला.

(बायको रागावली की तडक माहेरच्या कुरात जाते, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. भाजीतल्या मिठाला नावं ठेवली की ती रहांगडाले. माहेरी चोरखमाऱ्याला जाऊ नको म्हटलं की रहांगडाले. पण सात महिन्यांत माझ्यावर कोणी रागावलंच नव्हतं. राग कसा असतो तेच मी विसरलो होतो.)

वहीत नोंद केली. आवक क्रमांक एकशे सव्वीस. विषय : बनावट पत्नी. शेरा : ब्लॉक. मग ग्रुपवर सूचना टाकली. "आपल्या भागात बायकांच्या नावाने फसवणारी टोळी सक्रिय आहे. आवाज हुबेहूब. भाषा शिवराळ. पत्नीने ओटीपी मागितल्यास प्रथम कूर विचारावे." खाली त्या नंबरचा फोटो जोडला. बेचाळीस अंगठे आले. मी त्या दिवशी भात जरा जास्तच खाल्ला.

दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या शकुंतलाबाई हातात फोन धरून दारात आल्या. मागे त्यांचे यजमान रामलाल. त्यांच्या मागे जागेश्वर. सगळ्यांचे चेहरे हसू दाबून दाबून फुगले होते.

"बाबूजी," शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमची टोळी बोलून राहिली."

फोनचा स्पीकर चालू होता. त्यातून आधी नातवाचा आवाज आला, मग रिंकीचा : "बाबा, आई आहे ती. खरंच आई आहे. मेसेज यांनी टाइप केला होता."

म्हणजे ते 'कृपया' जावयाचं होतं.

मग ती बोलली. मला वाटलं आता पुन्हा रहांगडाले सुरू होतील. पण तिचा आवाज थकलेला होता. "तत्काळ गेलं. दोन मिनटात संपलं. आता दिवाळी झाल्यावरच पाहू. तुम्ही रहा सावध."

मी आयुष्यात खूप कागद पुढच्या टेबलावर सरकवले. हा सरकवता येईना. समोर तीन माणसं उभी होती, कुंपणावरून आणखी दोन डोकी बघत होती, आणि माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"दिवाळी झाल्यावर नको," मी म्हणालो. "मले करमत नाही. दोन कप चहा होते रोज. तू ये."

रामलाल आपल्या चपलांकडे बघू लागला. मला वाटलं, फोन कट झाला.

"मंग सात महिने 'सर्व ठीक' काऊन लिहून राहिले होते?" ती हळूच म्हणाली. "मी दुसऱ्याच महिन्यात निंगणार होती. रिंकीले म्हटलं, तुया बाबाले जमत नसन. त तिनं तुमचा मेसेज दाखवला. सर्व ठीक. मी म्हटलं, माझ्याबिगर ठीक आहे त कायले धावत जाऊ?"

शकुंतलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. (हसून पाणी आलं की रडून, ते मी विचारलं नाही.)

खुमेंद्ररावांनी तिला नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. पुढे नागपूरहून एसटीनं ती धनत्रयोदशीला सकाळी हायवेवर उतरली. मी दीड तास आधीपासून थांब्यावर उभा होतो. ती बारीक झाली होती आणि तिच्याकडे चार पिशव्या होत्या. मी दोन घेतल्या. ती म्हणाली, "तिसरीही घ्या." मी तिसरीही घेतली. असा आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पाडव्याच्या दुपारी जेवून मी जरा आडवा झालो असताना तिनं नातवाचे फोटो बघायला माझा फोन घेतला, आणि तेवढ्यात अंजूचा मेसेज आला. "अंकल, खाना खाया?"

मी डोळे उघडले तेव्हा ती उशाशी बसून वाचत होती. जुलैपासून. एकेक मेसेज. मी घाईघाईनं म्हणालो, "फ्रॉड आहे ते! तपास सुरू आहे! वहीत नोंद आहे, पाहून घे!"

"मले दिसून राहिलं फ्रॉड आहे म्हणून," ती म्हणाली. तिनं फोन खाली ठेवला नाही. "गुडघा दुखते हे इले सांगता. वालाच्या शेंगा इले सांगता. करमत नाही हेही इलेच. अना मले सर्व ठीक."

"तू विचारलं नाही."

"इनं इचारलं त चोरी करायसाठी इचारलं."

"हो. पण विचारलं."

मला वाटलं, ती रडणार. किंवा माहेरच्या कुरात जाणार. तिनं दोन्ही केलं नाही. चष्मा नाकावर सरकवून, एका बोटानं, गोंदियाच्या हिंदीत अंजूला मेसेज लिहायला घेतला. मी म्हटलं, अगं, चोराशी बोलायचं नसतं, सरळ ब्लॉक करायचं असतं, मॅडमनी सांगितलंय. ती म्हणाली, "तीन महिने आठवलं नाही का मॅडमनं सांगतलेलं?" आणि लिहीत राहिली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं :

"मैं इनकी घरवाली. ये आदमी करता हूँ करता हूँ बोलता है, करता कुछ नहीं. चौंतीस साल हो गए मेरे को. बाथरूम का नल दो साल से टपक रहा. तू कायको अपना टाइम खोटी कर रही?"

समोरून 'टाइप करत आहे' असं दिसू लागलं. बराच वेळ दिसत राहिलं. मग उत्तर आलं.

"सही बोला दीदी. मुझे दूसरे हफ्ते में ही शक हो गया था."

आणि अंजूनं मला ब्लॉक केलं.

मी वाट बघत होतो, बायको आता काय म्हणते. तिनं फोन माझ्या हातात दिला, उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "पोरगी समजदार दिसते."